पिवळा दिवा

दिवाळीच्या अंकात दिव्यावर लिहायचं म्हणजे खरं तर शिळ्या कढीला ऊत आणणं. पणती, समई, निरांजन आणि आकाशकंदील यांच्यावर आजवर इतकी शाई सांडली आहे की तेवढं तेल त्यांच्यात कुणी घातलं नसेल. मी ज्या दिव्यावर लिहिणार आहे, तो मात्र या पानांवर अजून कुणी लावला नसावा. हा दिवा करंगळीच्या नखाएवढा आहे, रंगानं पिवळा आहे आणि तो लागावा म्हणून नव्हे, तर विझावा म्हणून मी या वर्षी श्रावणापासून भाद्रपद संपेपर्यंत धडपडत होतो. एवढी धडपड वेळच्या वेळी पीएच.डी.साठी केली असती, तर आमच्या प्राचार्यांचा माझ्याविषयीचा ग्रह निराळा झाला असता.

आमच्याकडे एक मोटार आहे. मोटार म्हटलं की वाचकांच्या डोळ्यांसमोर जे वैभव उभं राहतं, तसलं काही नाही. सात वर्षांची, पांढरी, मागच्या दारावर स्कूटरवाल्यानं ओढलेली रेघ मिरवणारी अशी ती गाडी आहे. परंतु तिच्यात काचेखाली दिव्यांचं एक छोटंसं तारांगण आहे. किल्ली फिरवली की सारे दिवे एकदम उजळतात आणि एकेक करून मालवतात. त्या दिवशी सगळे मालवले, गाडी गल्लीतून बाहेर पडली आणि रंकाळ्याच्या वळणावर दोन दिवे पुन्हा लागले. एकावर इंग्रजी तीन अक्षरं होती. दुसऱ्यावर मोटारीचं चित्र होतं आणि तिच्या चाकांमागे दोन नागमोडी रेघा, एखाद्या बैलानं चालता चालता धार सोडावी तशा.

घरी येऊन गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक शोधलं. ते आजवर कुणी उघडलं नव्हतं. आमची कन्या अकरावीत आहे. तिनं पानं चाळून जाहीर केलं, "बाबा, तो लुकलुकला तर समजायचं की काम करतोय. एकसारखा लागून राहिला, तर काम करत नाहीये."

"म्हणजे स्थिर राहिला की बिघडला?"

"हो. आणि त्याचं नाव स्थैर्य नियंत्रण."

मराठीच्या प्राध्यापकाला विरोधाभास अलंकाराचं याहून चांगलं उदाहरण कुठं मिळणार? मी ते दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगून टाकलं. मुलं हसली. मीही हसलो. दिवा गांभीर्यानं घ्यायचा असतो, हे तोवर माझ्या मनाला शिवलंच नव्हतं.

अर्थात पुढं सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथल्या काचेच्या दालनात गार हवा आणि त्याहून गार चहा मिळतो. एका तरुणानं स्टिअरिंगखालच्या खाचेत स्कॅनरची पिन खुपसली आणि पडद्याकडे पाहून म्हणाला, "सी ००३५. डावीकडचं पुढचं चाक. स्पीड सेन्सर गेला सर." सेन्सर बदलला, बेचाळीसशे रुपये दिले. त्यानं दिवा पुसून दाखवला. मी आनंदानं बाहेर पडलो, तो पेट्रोल पंपापर्यंत पोहोचेतो दोन्ही दिवे पुन्हा हजर! परत गेलो. या वेळी एक ज्येष्ठ गृहस्थ आले, त्यांनी पडदा पाहिला, मान हलवली आणि निदान केलं की ज्याअर्थी सेन्सर नवा आहे आणि तरी दिवा लागतो आहे, त्याअर्थी मुख्य मॉड्यूलच गेलं असलं पाहिजे. अठ्ठेचाळीस हजार. पंधरा दिवस लागतील. पुण्याहून मागवावं लागेल.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. "या आधी गाडीचं काही काम केलं होतं का?" असं त्या गृहस्थांनी मला विचारलं होतं. अगदी सहज, जॉब कार्डवर लिहिता लिहिता. आणि मी "नाही" म्हणालो होतो.

केलं होतं. दिवा लागायच्या चार दिवस आधी डाव्या चाकातून घूं घूं असा आवाज येत होता, म्हणून आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडून चाकाचं बेअरिंग बदलून घेतलं होतं. सर्व्हिस सेंटरच्या निम्म्या पैशांत. पण बाहेर काम करून घेतलं हे त्या काचेच्या दालनात सांगायची लाज वाटते. वैद्याकडं जाऊन आलो हे डॉक्टरांना सांगताना वाटते, तशी. शिवाय काम उत्तम झालं होतं, आवाज साफ थांबला होता. मिस्त्रींनी गाडी दारात आणून लावली, ती शंभर पावलांवरून. मग चार दिवस पाऊस कोसळत होता, गाडी जागची हलली नव्हती. त्यामुळं बेअरिंग आणि दिवा यांची सांगड माझ्या मनात पडलीच नाही. खोटं बोलतोय असंही वाटलं नाही, इतकं ते "नाही" सहज गेलं.

आता गणपती चार दिवसांवर आले होते. आणि इथं या हकीकतीत आमच्या मातोश्री येतात.

आई कोकणात असते, पालीच्या अलीकडं, आमच्या जुन्या घरात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी तिला कोल्हापूरला आणलं होतं. उजवा डोळा झाला होता, डावा दिवाळीआधी करायचा होता. डोळ्यावर काळा चष्मा होता आणि तोंडात एकच घोष. घरचा गणपती तिच्याशिवाय बसायचा नाही. पंधरा दिवसांचं मॉड्यूल तिला कोण समजावणार? आमच्या सौभाग्यवतींनी स्पष्ट सांगितलं, "दिवा लागलेल्या गाडीतून मी घाट उतरणार नाही. मी आणि मुलगी एस.टी.नं येतो. आईंनाही एस.टी.नंच नेऊ." पण नुकता डोळा झालेल्या बाईला गणपतीच्या गर्दीत एस.टी.त कसं बसवायचं? मी म्हणालो, "अगं, नुसता दिवा आहे. आमच्या वडिलांच्या काळी या गोष्टी होत्या का? ॲम्बॅसिडर घेऊन माणसं उभा महाराष्ट्र हिंडली." हा युक्तिवाद करताना माझा आवाज जरा वर चढला होता. युक्तिवाद लंगडा असला की माझा आवाज चढतो, हे वर्गातल्या मुलांनाही एव्हाना ठाऊक आहे.

तेव्हा मी आणि आई निघालो. मलकापूर मागं पडलं. आंबा गाव आलं. तिथून घाट खाली साखरप्याकडं उतरतो. पाऊस बारीक होता. रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यातली तांबडी माती वाहून डांबरावर आली होती आणि तिचा पातळ थर वळणावळणाला चमकत होता. मी सावकाशच होतो, चाळीसच्या आत. एका डाव्या वळणावर खालून एक ट्रक वर आला, तो सरळ माझ्या बाजूनं, वळण कापत. मी ब्रेक दाबला. पुढची चाकं जागीच आवळली गेली, गाडी वळेचना, ट्रकच्या तोंडाकडं सरळ जाऊ लागली. घाबरून ब्रेक सोडला आणि स्टिअरिंग डावीकडं खेचलं. तशी चाकांनी एकदम पकड घेतली आणि गाडीची पाठ उजवीकडं, दरीकडं, झुलली. कशी सांगू? झोपाळ्याची फळी एका कडेनं सुटावी तशी. ट्रक निघून गेला. गाडीचं तोंड डोंगराकडच्या गटारात जाऊन थांबलं. मागचा भाग रस्त्याच्या मधोमध आडवा. पाठीमागं कठडा किती लांब होता, ते मी उतरून पाहिलं. उगीच पाहिलं.

"काय झालं रे?" आईनं मागच्या सीटवरून विचारलं.

"काही नाही. गाय आडवी आली."

ती काही बोलली नाही. दोघा मोटारसायकलवाल्यांनी धक्का दिला, गाडी गटारातून निघाली, बंपरची एक कड तुटली एवढंच. गणपती बसला, आरत्या झाल्या, मोदक झाले. घरात कुणालाही मी काही सांगितलं नाही. बंपरबद्दल सौ.ला सांगितलं ते हेच की गाय आडवी आली.

पण त्या पाच रात्री मला नीट झोप लागली नाही आणि त्या रात्रींत मी या दिव्याविषयी जे वाचलं, ते आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं. हे यंत्र करतं तरी काय? स्टिअरिंगमधला एक सेन्सर सांगतो की चालकाला कुठं जायचं आहे. गाडीच्या पोटातला दुसरा सांगतो की गाडी स्वतःभोवती किती फिरते आहे आणि बाजूला किती ढकलली जाते आहे. चार चाकांचे चार सेन्सर आपापला वेग सांगतात. चालकाचं मन एकीकडं आणि गाडीचं अंग दुसरीकडं जाऊ लागलं, की हे यंत्र त्याला न विचारता एकाच चाकाला ब्रेक लावतं. डाव्या वळणावर पाठ उजवीकडं सुटली, तर पुढच्या उजव्या चाकाला. तेवढ्यानं गाडीचं तोंड परत मार्गावर येतं. एकाच चाकाला ब्रेक लावणं जगातल्या कुठल्याही चालकाला शक्य नाही. पायाखाली ब्रेक एकच असतो ना! माझ्या वळणावर नेमकं हेच व्हायला हवं होतं. मात्र चारांतल्या एका चाकाचा जरी वेग कळेनासा झाला, तरी हे यंत्र प्रामाणिकपणे हात वर करतं आणि पिवळा दिवा लावून सांगतं, की आता तुमचं तुम्ही पाहा. चाकं आवळली जाऊ नयेत म्हणून असलेली व्यवस्थाही त्याच्याबरोबर रजेवर जाते. तीच ती तीन अक्षरं. साधा ब्रेक तेवढा राहतो. (या पिवळ्यांच्या जोडीला ब्रेकचा तांबडा दिवाही लागला, तर गाडी जागची हलवू नये. हे मी आता प्रत्येकाला सांगत सुटलो आहे.)

या यंत्रामागचा मुख्य माणूस डच. आंटोन व्हान झांटेन. जर्मनीतल्या बॉश कंपनीत त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते सिद्धीस नेलं आणि १९९५ साली ते मर्सिडीजच्या भारी गाडीत प्रथम बसलं. श्रीमंतांच्या गाडीतून ते सामान्यांच्या गाडीत कसं आलं, याची कथा मजेदार आहे. स्वीडनमध्ये मूस नावाचं हरणाच्या जातीचं, घोड्याहून थोराड जनावर रस्त्यात अवचित उभं राहतं. त्याला चुकवताना गाडी सावरते का, याची तिथं परीक्षा घेतात. १९९७ च्या ऑक्टोबरात एका स्वीडिश मासिकानं मर्सिडीजच्या नव्या छोट्या ए-क्लास गाडीची ही परीक्षा घेतली, तर गाडी चक्क उलटली. जगभर गवगवा झाला. कंपनीनं विक्री थांबवली, गाडीत दुरुस्त्या केल्या आणि हे यंत्र त्या छोट्या गाडीतही सरसकट बसवलं. पुढं अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलांपासून आणि युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्याच नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं. आपल्याकडं २०२३ मध्ये भारत एनकॅप ही सुरक्षिततेची परीक्षा सुरू झाली. तिच्यात तीन किंवा अधिक तारे हवे असतील, तर गाडीत हे यंत्र असावंच लागतं. व्हान झांटेनना २०१६ साली युरोपचा जीवनगौरव पुरस्कार मिळाला.

हे वाचताना मला एकाच गोष्टीचं हसू येत होतं. स्वीडनमध्ये आडवं आलेलं जनावर निदान खरं तरी असतं!

गणपती विसर्जन करून परतलो ते एकटाच, चढावर तिसच्या वेगानं, मागच्या साऱ्या गाड्यांचे शिव्याशाप घेत. दुसऱ्या दिवशी आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या सहायकांनी मला उद्यमनगरात धाडलं. ज्यांनी कोल्हापूरचं उद्यमनगर पाहिलं नसेल, त्यांना काय सांगावं? तिथं लोखंडाला कुठलाही आकार देणारी माणसं दाराला दार लावून बसलेली असतात. ओतकाम, लेथ, प्रेस, वेल्डिंग. रस्त्यानं चालताना दोन्ही कानांत निरनिराळे ठोके पडतात. त्यांतल्या एका बोळात एक साठी उलटलेले मिस्त्री. नाकावर चष्मा, चष्म्याला एका बाजूनं दोरा. स्कॅनर त्यांच्या नातवाच्या हातात होता. मिस्त्री त्याला हात लावत नव्हते, फक्त वाचून घेत होते. आमच्या घराण्यात आजोबा पोथी अशीच वाचून घेत.

नातवानं वाचलं, "लेफ्ट फ्रंट व्हील स्पीड सेन्सर. नो सिग्नल."

मी घाईनं म्हणालो, "सेन्सर बदललाय. आता मॉड्यूल गेलंय म्हणतात. अठ्ठेचाळीस हजार."

मिस्त्री माझ्याकडं चष्म्यावरून बघत म्हणाले, "आवो सर, यंत्र म्हनतंय, मला आयकू येत न्हाई. कान फुटलाय असं कुठं म्हनतंय?"

मी चाट पडलो. वीस वर्षं मी मुलांना सांगत आलो आहे की ओळीत जे आहे ते वाचा, जे नाही ते तिच्या गळ्यात बांधू नका. आणि "सिग्नल येत नाही" या तीन शब्दांचा "सेन्सर गेला" असा अर्थ मी बेचाळीसशे रुपये मोजून मुकाट मान्य केला होता.

"आन मला सांगा," ते पुढं म्हणाले, "ह्यो दिवा लागायच्या आदी गाडीचं काय काम काढलं हुतं?"

तोच प्रश्न. दुसऱ्यांदा. बोळात गार हवा नव्हती, काच नव्हती, एका ड्रमवर कुत्रं झोपलं होतं. मी म्हणालो, "बेअरिंग बदललं होतं. ह्याच चाकाचं."

"हां," एवढंच ते बोलले.

तरी लगेच त्यांनी चाक खोललं नाही. आधी सगळी गाडी उचलून चारी चाकं हातानं फिरवली आणि नातवाला आकडे वाचायला लावले. तीन चाकांचे आकडे हलत होते, चौथं शून्यावर. मग वायर तपासली, मीटर लावून. "उंदरानं न्हाई कुरतडली," ते म्हणाले. पावसाळ्यात त्यांच्याकडं येणाऱ्या अशा गाड्यांत बऱ्याच उंदरांनी वायर खाल्लेल्या असतात. गणपतीचं वाहन आपल्या वाहनावर असं उठतं. कधी ब्रेकच्या पायाखालचं स्विच बिघडलेलं असतं, कधी अलाइनमेंट करताना स्टिअरिंगच्या सेन्सरचं शून्य हललेलं असतं, कधी नुसती बॅटरी दमलेली असते. "दिवा त्योच, रोग धा," असं म्हणत त्यांनी नवा सेन्सर भोकातून बाहेर ओढला आणि मला बोलावलं. "या. बॅटरी मारून बगा आत. काय दिसतंय?"

"चकचकीत पत्रा दिसतो."

मग उजव्या चाकाचा सेन्सर काढला. "आता हिकडं बगा."

इकडं पत्रा नव्हता. काळपट, रबरासारखं काहीतरी होतं.

मग उलगडा झाला. नव्या पद्धतीच्या बेअरिंगच्या एका तोंडावर चुंबकाची चकती असते. उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण असे बारीक कप्पे तिच्यात गोल मांडलेले. चाक फिरलं की ते सेन्सरसमोरून सरकतात आणि त्यांच्या मोजणीवरून वेग कळतो. ही चकती सेन्सरच्या बाजूला हवी. आमच्या बेअरिंगची बाहेरच्या बाजूला होती. म्हणजे बेअरिंग उलटं बसलं होतं. चाक मजेत फिरत होतं, आवाज नव्हता, काही नव्हतं. फक्त बोलणारा भिंतीकडं तोंड करून बोलत होता आणि आम्ही ऐकणाऱ्याचा कान बदलून बसलो होतो. पुढं डोकंही बदलणार होतो.

दाबून बसवलेलं बेअरिंग काढताना खराब होतं, ते परत वापरता येत नाही. म्हणून नवं आणलं. बसवण्याआधी मिस्त्रींनी मला विचारलं, "टाचनी हाय का खिशात?" प्राध्यापकाच्या खिशात आणखी काय असणार? उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातली एक टाचणी निघाली. त्यांनी ती बेअरिंगच्या एका तोंडाला लावली, ती खाली पडली. दुसऱ्या तोंडाला लावली, ती अलगद चिकटून राहिली. "हे तोंड आत," ते प्रेसवरच्या पोराला म्हणाले. सगळे मिळून सत्तावीसशे रुपये झाले. नातवानं दिवा पुसला, मी गाडी शिवाजी विद्यापीठापर्यंत नेऊन आणली. दिवा लागला नाही. परत येताना मी रेडिओवर लागलेलं गाणं मोठ्यानं म्हटलं. एकटाच होतो, म्हणून चाललं.

आता गल्लीतल्या मिस्त्रींना सांगायचं होतं. इथं माझी खरी अडचण झाली. हा माणूस तीस वर्षं आमच्या गल्लीत आहे. माझी पहिली लूना त्यानं दुरुस्त केली होती. न सांगावं तर उद्या आणखी कुणाच्या गाडीत तो हेच करणार, आणि त्या गाडीला कुठला घाट आडवा येईल, कोण जाणे. सांगावं तर कसं? दोन दिवस मी त्याच्या दारावरून मान खाली घालून गेलो. तिसऱ्या दिवशी काढलेलं बेअरिंग आणि टाचणी घेऊन गेलो आणि काही न बोलता दोन्ही त्याच्या हातात ठेवलं.

त्यानं टाचणी एका बाजूला लावली, दुसऱ्या बाजूला लावली. पुन्हा पहिल्या बाजूला लावली. बराच वेळ गप्प होता.

"सर, जुन्या गाड्यांत दोन्ही बाजू सारख्याच असायच्या," तो म्हणाला. "कसंही बसवा. मला कुणी सांगितलंच नाही."

मग उठून त्यानं गल्ल्यातून पैसे काढले. मी घेतले नाहीत. तो चिडला. शेवटी ठरलं की वर्षभर पंक्चर फुकट. पण जाताना त्यानं विचारलं, "घाटात काही झालं तर नाही ना सर?" त्याला बंपर दिसला असावा. मी त्याला सगळं सांगितलं. ट्रक, माती, गटार, कठडा. ज्याला सांगायला नको होतं, त्यालाच प्रथम सांगितलं. तो मटकन टायरवर बसला. ते बेअरिंग आता त्याच्या दुकानात खिळ्याला टांगलेलं आहे आणि शेजारी दोऱ्यानं बांधलेली एक टाचणी.

नवरात्र संपल्यावर आईला डाव्या डोळ्यासाठी आणायला गेलो. या खेपेला सौ. गाडीत होती. किल्ली फिरवली, दिवे उजळले आणि मालवले. तो पिवळाही मालवला. सौ.नं तो मालवेपर्यंत पट्टा लावला नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं. परतताना घाट चढू लागलो. ते वळण आलं तशी माझी बोटं स्टिअरिंगवर आवळली. पाऊस गेला होता, रस्ता कोरडा होता, वळण अगदी साधं दिसत होतं.

"हेच ना रे ते?" आई मागून म्हणाली. "तुझी गाय आडवी आली ते?"

"हो," मी म्हणालो. सौ. माझ्याकडं बघत होती.

"चांगली दहा चाकांची होती," आई म्हणाली. "डोळा एकच झाला होता रे माझा. दुसऱ्यानं दिसत होतं."